जॅकेटात कॅमेऱ्याचं सामान: कोणती वस्तू, कोणत्या खिशात, कोणत्या क्रमानं

लग्नाचा हॉल असो, नागपुरातली मारबतीची मिरवणूक असो की पेंचच्या जंगलातली जिप्सी, भरपूर खिशांचं जॅकेट घालून आलेला फोटोग्राफर तासाभरात ते काढून ठेवताना दिसतो. मान भरून आलेली असते, पाठ घामानं चिंब असते, वाकलं की खिशातून काहीतरी डोकावत असतं. मग ते जॅकेट लटकतं खुर्चीच्या पाठीवर, त्यात महागाची लेन्स, आणि मालक तिकडे स्टेजपाशी.

‘जॅकेट काही कामाचं नाही’ असं म्हणणाऱ्याचं जॅकेट उघडून पाहिलं की जवळजवळ प्रत्येक वेळी तीनच गोष्टी सापडतात. सगळे खिसे भरलेले, जड वस्तू छातीशी, आणि सामान आधी भरून मग जॅकेट अंगावर चढवलेलं. तिन्ही चुका टाळता येतात. क्रम तेवढा पाळावा लागतो, आणि हा क्रम जॅकेट विकत घेण्याच्या आधीच सुरू होतो.

पहिल्यांदा एक गोष्ट मनाशी पक्की करा: जॅकेट म्हणजे बॅग नव्हे. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत हाताला लागेल तेवढंच जॅकेटात ठेवायचं. चार्जर, तिसरी लेन्स, जास्तीचा फ्लॅश हे सगळं बॅगेत, आणि बॅग गाडीत किंवा सोबतच्या माणसाकडे. हे पटलं नसेल तर पुढचं काही कामी येणार नाही.

१. सामान टेबलावर मांडा आणि वजन करा

जॅकेट घ्यायला सीताबर्डीला निघण्याआधी हे काम घरी करा. कामाच्या दिवशी तुम्ही खरोखर जे वापरता ते टेबलावर मांडा. ‘लागलं तर असू दे’ म्हणून नेता ते वेगळं ठेवा. ही दुसरी रास बॅगेची.

उरलेल्या वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक करून ठेवा आणि आकडे लिहा. अंदाजासाठी सांगतो (लेन्सच्या नावातले पहिले आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लांबीचे, ‘एफ’चा आकडा प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा): २४-७० एफ २.८ लेन्स साधारण ८०० ते ९०० ग्रॅमची. १६-३५ एफ ४ सहाशे-सातशे ग्रॅमची. कॅननची छोटी ५० मिमी एफ १.८ फक्त १६० ग्रॅमची. कॅमेऱ्यावर लावायचा मोठा फ्लॅश बॅटरीसकट अर्धा किलो. कॅमेऱ्याची एक बॅटरी ८० ग्रॅमच्या आसपास.

आता बेरीज. समजा २४-७० कॅमेऱ्यावरच आहे. जॅकेटात १६-३५, ५० मिमी, फ्लॅश, तीन बॅटऱ्या आणि किरकोळ सामान गेलं तर आकडा १,७०० ग्रॅमच्या आसपास येतो. माझ्या मते हाच योग्य आकडा. सामान दोन किलोच्या वर जाऊ देऊ नका. एप्रिल-मेमध्ये दिवसा बाहेरचं काम असेल तर दीड किलोवर थांबा. जॅकेटचं स्वतःचं वजन असतंच, शिवाय गळ्यात कॅमेरा असतो, हे लोक विसरतात.

७०-२०० एफ २.८ ही लेन्स जॅकेटात घालू नका, खिसा कितीही मोठा असला तरी. एक ते दीड किलोचा तो लांबट गोळा चालताना मांडीवर आपटतो आणि जॅकेटची एक बाजू खाली ओढतो. ती दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावलेली असावी, नाहीतर कमरेच्या वेगळ्या पाऊचमध्ये.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ‘मागच्या कामात किती वेळा हात लावला’ ते लिहा. उत्तर ‘एकदाही नाही’ असेल तर ती वस्तू बॅगेत.

२. जॅकेट निवडताना खिशांची संख्या मोजू नका

दुकानदार खिसे मोजून दाखवतो. तुम्ही खांदे बघा. खांद्याचा भाग रुंद हवा, आत पातळ फोमचा थर असला तर उत्तम, आणि भार मानेपासून दूर, खांद्याच्या मधोमध पडायला हवा. मान उघडी राहील इतका गळा हवा. ज्या जॅकेटची कॉलर मागे मानेच्या मणक्यावर येते ते घेऊ नका. भार पडला की तीच कॉलर मानेत रुतते आणि दिवसाअखेरीस डोकं दुखतं.

पाठीला जाळी हवी. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो, तिथे बंद पाठीचं, आतून अस्तर लावलेलं जॅकेट घालून तासभर उभं राहणं शक्य नाही. कापड सुती आणि पॉलिस्टर मिसळलेलं घ्या. निव्वळ सुती कापड घामानं जड होतं आणि सुकायला वेळ घेतं. निव्वळ पॉलिस्टर अंगाला चिकटतं.

रंगाचा विचार कामाप्रमाणे करा. लग्नाला काळा रंग खपतो, पण उन्हात तो तापतो आणि त्याबरोबर खिशातली बॅटरीही तापते. करडा किंवा गडद निळा दोन्हीकडे चालतो. जंगलात खाकी किंवा मातकट हिरवा. भडक नारिंगी किंवा पिवळं जॅकेट घालून नवरीच्या जवळ उभं राहू नका. त्या रंगाची झाक चेहऱ्यावर येते आणि नंतर ती घालवताना घाम निघतो.

चेन ओढून बघा, एका हातानं. दुसऱ्या हातात कॅमेरा असणार आहे. एका हातानं उघडत नसेल तर ती चेन कामाची नाही. वेल्क्रो झटपट उघडतो खरा, पण त्याचा ‘चर्रर्र’ आवाज मंगलाष्टकांच्या मध्ये सगळ्या हॉलला ऐकू जातो, आणि पाणवठ्यावर हरणं कान टवकारतात. म्हणून ज्या खिशात वारंवार हात जातो तिथे वेल्क्रो नको.

मापासाठी: शर्टवरून छातीचा घेर मोजा आणि त्यात १० ते १२ सेंटिमीटर मिळवा. रोजच्या शर्टाच्या मापाचं जॅकेट घेतलं तर रिकामं असताना छान बसतं आणि भरल्यावर बटणं ताणली जातात. लांबी कमरेच्या हाडापर्यंत. त्याहून लांब असलं की खाली बसल्यावर खालचे खिसे मांडीवर चढतात.

तयार जॅकेटं बहुतेक पुरुषांच्या मापानं कापलेली असतात. मुलींनी खांद्याच्या मापानं जॅकेट घ्यावं आणि बाजूच्या शिवणी शिंप्याकडून आत घेऊन घ्याव्यात. छातीवरचे जाड खिसे उसवून तिथे साधी पट्टी ठेवली तरी काही बिघडत नाही. कुर्त्यावर घालणार असाल तर कुर्ता घालूनच माप द्या.

तपासणी: दुकानातच दोन्ही हात डोक्यावर नेऊन, उंचावरून फोटो काढताना धरतो तसा कॅमेरा धरल्याची नक्कल करा. जॅकेट चार बोटांपेक्षा जास्त वर सरकलं तर काख अरुंद आहे. मग उकिडवे बसा. पोटाशी घड्या पडून खिसे पुढे आले तर लांबी जास्त आहे.

३. शिंप्याकडे अर्ध्या तासाचं काम

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. विकत आणलेलं जॅकेट सगळा भार खांद्यावर टाकतं. तो कमरेवर उतरवता येतो, आणि त्यासाठी लागते फक्त नवारीची पट्टी आणि चार लूप.

बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे चार ते पाच सेंटिमीटर रुंद नवार आणि क्लिपचं बकल मिळतं. महाल, इतवारीकडच्या कुठल्याही जुन्या शिंप्याकडे जॅकेट आणि ही पट्टी घेऊन जा आणि नेमकं असं सांगा: “मास्टर, खालच्या खिशांच्या तळाच्या किंचित वर, आतल्या बाजूनं चार लूप लावून द्या. दोन बाजूच्या शिवणीवर, दोन पाठीवर. पट्टी त्यातून सरकली पाहिजे.” बाजूचे लूप शिवणीवरच हवेत. नुसत्या कापडावर लावले तर भारानं कापड फाटतं. हा पट्टा कमरेच्या हाडावर आवळला की खालच्या खिशांचं वजन पट्ट्यावर विसावतं आणि खांद्यावर जॅकेट नुसतं टेकतं. फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

दुसरं काम लेन्सच्या खिशाचं. तुमची लेन्स खिशात जाते की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. शिंप्याचा टेप लेन्सभोवती गुंडाळा, उलटं लावलेलं हूड (ऊन अडवायला लेन्सच्या तोंडाशी लावायचं कडं) असेल तर त्याच्यावरून. आलेला आकडा निम्मा करा आणि त्यात दोन सेंटिमीटर मिळवा. सपाट शिवलेल्या खिशाची रुंदी निदान एवढी हवी. उदाहरणार्थ, लेन्सची जाडी ८८ मिमी असेल तर घेर जवळजवळ २८ सेंटिमीटर, म्हणजे खिसा १६ सेंटिमीटर रुंद. हूड उलटं लावलं की घेर ३३पर्यंत जातो, म्हणजे खिसा साडेअठरा. खिसा कमी पडत असेल तर बाजूला घडी घालून पेटीसारखा करून घ्या. अगदी घट्ट खिसा नको, कारण लेन्स घाईत काढायची असते आणि घट्ट खिशातून ती काढताना टोपण आतच राहून जातं.

तिसरं काम पाच मिनिटांचं. छातीजवळच्या चेनचे लोखंडी लोंबते तुकडे काढून तिथे नाडीचे तुकडे बांधा. गळ्यातला कॅमेरा चालताना छातीवर घासत राहतो, आणि मागच्या स्क्रीनवर पडणारे ते बारीक तिरके ओरखडे याच लोंबत्या तुकड्यांचे असतात. पुढच्या मोठ्या चेनला आतून कापडाची पट्टी असेल तर बघून घ्या, नसेल तर लावून घ्या.

सावधान: शिवण तपासायला पहिल्यांदा लेन्स घालू नका. अर्ध्या किलोच्या साखरेच्या पिशव्या दोन्ही खालच्या खिशांत घाला, जॅकेट घाला आणि घरात जिना चढा-उतरा. शिवण उसवायची असेल तर साखरेवर उसवू दे.

४. खिशांचा नकाशा ठरवा आणि मग तो बदलू नका

उजवा हात कॅमेऱ्याच्या मुठीवर असतो, म्हणजे काढ-घाल करायला मोकळा असतो तो डावा. म्हणून वारंवार लागणाऱ्या वस्तू डाव्या बाजूला. उजवीकडचे खिसे कमी लागणाऱ्या आणि सांभाळायच्या वस्तूंसाठी.

खालचा डावा मोठा खिसा लेन्सचा. लेन्स उभी ठेवायची, पुढची काच खाली, मागचं टोपण वर. पुढचं टोपण लावलेलं असलंच पाहिजे, तळाला स्पंजचा एक तुकडा टाकला तर आणखी चांगलं.

खालचा उजवा मोठा खिसा रिकामा ठेवायचा. वाचताना हे विचित्र वाटेल, पण माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीवर आहे. लेन्स बदलायची म्हणजे काही क्षण दोन लेन्स हातात येतात. कॅमेऱ्यावरून काढलेली लेन्स ठेवायला जागा नसली की ती काखेत जाते, दाताखाली टोपण जातं, आणि तिथेच लेन्स पडते. दोन्ही बाजूंचे खिसे भरून निघालेला माणूस पहिल्याच बदलाला अडतो.

मग उजव्या बाजूचं वजन कशानं भरून काढायचं? फ्लॅश आणि ५० मिमी लेन्स उजवीकडच्या बाजूच्या, जरा मागच्या खिशांत. वर सांगितलेल्या यादीत फ्लॅश अधिक छोटी लेन्स म्हणजे ६६० ग्रॅम, आणि डावीकडे १६-३५ म्हणजे साधारण तेवढंच. दोन बाजूंत दोनशे ग्रॅमपर्यंतचा फरक अंगाला कळत नाही, त्यापुढे कळतो आणि तुम्ही नकळत एका बाजूला झुकून चालू लागता.

छातीचे खिसे सपाट वस्तूंसाठीच. रिकामी कार्डं, लेन्स पुसायचं कापड, कार्यक्रमाचा कागद. इथे काही टणक ठेवलं की गळ्यातला कॅमेरा त्यावर आपटतो. कापड प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत ठेवा. घामट खिशातल्या कापडानं काच पुसली की मिठाचा पांढुरका थर काचेवर बसतो.

कार्डांची दोन घरं असावीत. रिकामी डाव्या छातीच्या खिशात, भरलेली उजवीकडच्या आतल्या, चेनच्या खिशात. कार्ड कॅमेऱ्यातून निघालं की सरळ आत. एकाच डबीत दोन्ही ठेवून ‘उलटं ठेवलेलं भरलेलं’ अशी खूण करणारे पुष्कळ आहेत, पण डबी एकदा खाली पडली की खूण संपली. लग्नाचं भरलेलं कार्ड चुकून फॉरमॅट होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

बॅटऱ्यांना हाच नियम: भरलेल्या डावीकडे, उतरलेल्या उजवीकडे. प्रत्येकीवर तिचं प्लॅस्टिकचं टोपण हवं. टोपण हरवलं असेल तर कापडाची छोटी पिशवी चालेल. बॅटरीच्या खिशात नाणी, किल्ल्या, सेफ्टी पिन काहीही नको. धातूनं दोन टोकं जोडली गेली तर बॅटरी तापते, कापड जाळण्याइतकी तापू शकते.

खिसा बंद करायला चुंबकाची बटणं असतील तर कार्डांची काळजी नको, मेमरी कार्डावर अशा चुंबकाचा परिणाम होत नाही. काळ्या पट्टीचं एटीएम कार्ड मात्र त्या खिशात ठेवू नका.

पाठीचा मोठा खिसा सगळ्यात फसवा. तो दिसतो प्रशस्त, पण तिथे हात पोहोचत नाही आणि टेकून बसलं की जे काही असेल ते दाबलं जातं. पावसाळ्यात घडी घातलेलं प्लॅस्टिक, हिवाळ्यात मफलर, बस्स.

तपासणी: डोळे मिटून उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी वस्तूंची नावं घ्यायला सांगा. ‘बॅटरी’, ‘कार्ड’, ‘कापड’. प्रत्येक वेळी हात थेट योग्य खिशात गेला पाहिजे. दोन खिसे चाचपावे लागले तर नकाशा अजून अंगवळणी पडलेला नाही. चूक शोधायला हीच जागा बरी. आंतरपाट दूर होत असताना नव्हे.

५. भरण्याचा आणि घालण्याचा क्रम

(क) जॅकेट टेबलावर पसरून आधी फक्त हलक्या, सपाट वस्तू भरा: कार्डं, कापड, कागद, बॅटऱ्या. त्या खिशांच्या चेन लावा.

(ख) जॅकेट अंगात घाला. पुढची चेन किंवा बटणं निदान छातीच्या खालच्या भागात लावा. पूर्ण उघडं जॅकेट दोन्ही बाजूंना फाकतं, आणि भार पुन्हा मानेवर येतो.

(ग) कमरेचा पट्टा आवळा. मोठा श्वास घेता आला पाहिजे, पण पट्टा हाडावरून खाली घसरता कामा नये.

(घ) आता फ्लॅश आणि छोटी लेन्स उजवीकडे, मग मोठी लेन्स डावीकडे. जड वस्तू नेहमी शेवटी.

(ङ) सगळ्यात शेवटी कॅमेरा गळ्यात. पट्टा जॅकेटच्या वरून, कॉलरच्या खालून नव्हे.

हा क्रम उलटा केला तर काय होतं ते बघा. भरलेलं जॅकेट एका हातानं उचलून दुसरी बाही शोधताना जॅकेट तिरकं होतं, उघड्या खिशाचं तोंड जमिनीकडे जातं, आणि लेन्स फरशीवर. लग्नाच्या हॉलमधली फरशी ग्रॅनाइटची असते.

सावधान: पाठीवर बॅग आणि अंगात जॅकेट अशी जोडी टाळा. बॅगेचे पट्टे छातीच्या खिशांवर बसतात आणि पाठीची जाळी झाकली जाते. दोन कॅमेऱ्यांचा खांदेपट्टा वापरत असाल तर कॅमेरे नेमके खालच्या खिशांवर लटकतात. अशा वेळी खालचे खिसे दोन्ही रिकामे ठेवा. दुसरा कॅमेरा असताना जास्तीची लेन्स लागतेच कशाला?

६. निघण्याआधी घरातली चाचणी

सगळं भरून आरशासमोर नुसतं उभं राहणं ही चाचणी नव्हे. जमिनीवरची वस्तू कंबरेतून वाकून उचला. खुर्चीवर बसा आणि उठा. खुर्चीवर चढा. दहा पावलं पळा. पलंगावर पालथे पडा, कारण फुटाळा तलावाच्या काठावर किंवा जंगलात कधीतरी कोपरांवर झोपून फोटो काढावा लागतोच.

वाकताना काही डोकावलं, तर त्या खिशाला चेन किंवा खोल झाकण हवं. पळताना काही आपटलं, तर तो खिसा सैल आहे, त्यात कापडाचा तुकडा घाला. बसताना मांडीला टोचलं, तर ती वस्तू थोडी मागे सरकवा. मान वीस मिनिटांत भरून आली तर पट्टा सैल आहे किंवा वजन जास्त आहे, आणि बहुतेक वेळा वजनच जास्त असतं.

७. जॅकेट वापरून लेन्स बदलणे

कॅमेरा गळ्यातच राहू द्या, हातात धरू नका. दोन्ही हात मोकळे हवेत. कॅमेरा बंद करा आणि त्याचं तोंड किंचित जमिनीकडे ठेवा.

डाव्या खिशात हात घालून नव्या लेन्सचं मागचं टोपण तिथल्या तिथे फिरवून सैल करा, काढू नका. आता कॅमेऱ्यावरची लेन्स सोडवा आणि उजव्या रिकाम्या खिशात, मागची बाजू वर ठेवून, उतरवा. लगेच डावीकडची लेन्स उचला, तिचं सैल टोपण काढा, लेन्स बसवा, ‘टक्’ आवाज ऐका. मग हातातलं टोपण उजव्या खिशातल्या लेन्सला लावा. आता डावा खिसा रिकामा आणि उजवा भरलेला. पुढचा बदल उलट दिशेनं होईल.

रिकाम्या खिशात मागची काच क्षणभर उघडी असते, म्हणून तो खिसा आतून स्वच्छ हवा. बोटाला कापडाची पट्टी गुंडाळून तळाचे कोपरे पुसून घ्या. शिवणीतली धूळ आणि लोकरीसारखा कचरा तिथेच साचतो.

सावधान: चालत्या जिप्सीत किंवा समोरून दुसरी गाडी गेल्यावर लेन्स बदलू नका. मेमधली पेंचची धूळ पिठासारखी हवेत लोंबकळत राहते. गाडी थांबवा, इंजिन बंद करायला सांगा, धूळ बसू द्या. ते जमत नसेल तर आहे त्या लेन्सवर काम भागवा.

८. कामाप्रमाणे बदल

लग्न. वरात आणि हॉल अशी दोन कामं असतात. वरातीत धक्काबुक्की होते, म्हणून लेन्स एकच, आणि फ्लॅशच्या सुट्या बॅटऱ्या जवळ. हॉलमध्ये गेल्यावर सोबतच्या मुलाकडून दुसरी लेन्स घ्या. हार, अक्षता, हळद-कुंकू यांचे कण उघड्या खिशांत जातात आणि तिथून लेन्सवर, तेव्हा अक्षता पडायच्या आधी सगळ्या चेन बंद.

मारबत आणि दीक्षाभूमी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येते तेव्हा, किंवा विजयादशमीला दीक्षाभूमीवर, गर्दी अशी असते की हात खाली नेता येत नाहीत. खालच्या खिशात काय चाललंय हे तुम्हाला दिसत नाही, शेजारच्याला दिसतं. पैसे, मोबाइल आणि भरलेली कार्डं आतल्या खिशात. बाहेरच्या खिशात काही ठेवलंच तर चेनचा नाडीचा तुकडा शेजारच्या लूपमध्ये ओवून टाका. मारबत पावसाळ्यात येते, आणि जॅकेट पाणी अडवत नाही. प्रत्येक लेन्सला प्लॅस्टिकची पिशवी हवी, तोंड खाली दुमडून. नुसती गाठ मारली तर उघडताना दोन्ही हात अडकतात.

जंगल. उमरेड-कऱ्हांडला असो, पेंच असो की ताडोबा, जिप्सीत तुम्ही बहुतांश वेळ बसलेले असता आणि प्राणी दिसला की एकदम उभे राहता. त्यामुळे खालचे खिसे हलके. मोठी लेन्स मांडीवरच्या बीनबॅगवर (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी), जॅकेटात फक्त बॅटऱ्या, कार्डं, कापड. उभं राहून लोखंडी दांड्यावर रेलताना छातीच्या खिशातली टणक वस्तू बरगडीत घुसते, तेव्हा तिथे कागदाशिवाय काही नको.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडी चांगलीच बोचते आणि दहा वाजेपर्यंत ऊन लागू लागतं. स्वेटरवर जॅकेट घातलं की स्वेटर काढायला आधी सगळं सामान रिकामं करावं लागतं, तेही हलत्या गाडीत. म्हणून शर्टवर जॅकेट, आणि त्यावर सैल, पुढून उघडणारं विंडचीटर किंवा शाल. ऊन चढलं की वरचा थर तेवढा उतरवायचा.

उन्हाळा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ४० अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते. मेमध्ये नागपुरात सावलीतच त्यापुढे पारा जातो. बॅटऱ्या उन्हाकडच्या बाहेरच्या खिशात ठेवू नका, सावलीतल्या बाजूच्या खिशात ठेवा, आणि उतरलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आधी निवू द्या. पाण्याची बाटली जॅकेटात नको. अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो, शिवाय गार बाटलीला बाहेरून सुटणारं पाणी शेजारच्या खिशात झिरपतं. ती पट्ट्याला पाठीमागे अडकवा किंवा सोबतच्याकडे द्या. पण पाणी प्या, आणि चक्कर वाटली तर पहिल्यांदा जॅकेट उतरवा, मग सावली शोधा.

विमान. सुरक्षा तपासणीत जॅकेट ट्रेमध्ये काढून ठेवावं लागतं. रांगेत उभं असतानाच कॅमेरा आणि लेन्स बॅगेत हलवा, जॅकेटात फक्त लहान वस्तू, सगळ्या चेन बंद. सुट्या लिथियम बॅटऱ्या कार्गोत टाकायच्या बॅगेत चालत नाहीत, त्या सोबत केबिनमध्येच न्यायच्या.

९. काढताना, आणि घरी आल्यावर

घालतानाच्या नेमका उलटा क्रम. आधी गळ्यातला कॅमेरा, मग लेन्स, मग फ्लॅश, मग पट्टा, मग जॅकेट. जेवायला बसतानासुद्धा. ‘पाच मिनिटांसाठी’ म्हणून भरलेलं जॅकेट खुर्चीच्या पाठीला अडकवलं की खुर्ची मागे कलंडते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या तर हमखास.

घरी आल्यावर त्याच रात्री सगळे खिसे उलटे करून झटका. भरलेली कार्डं मोजा, कॉपी होईपर्यंत आतल्या खिशातून दुसरीकडे हलवू नका. सामान जॅकेटात ठेवून कपाटात लटकवणं ही वाईट सवय आहे. घामट कापडातली ओल लेन्सला लागते आणि पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते. लेन्स आणि कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात, जॅकेट दांडीवर पंख्याखाली.

घामाचे पांढरे डाग दिसले की जॅकेट धुवा. चेन सगळ्या लावून, पट्टा काढून, साध्या गार पाण्यात, हातानं. ब्रश खांद्याच्या फोमवर घासू नका. पिळू नका. उलटं करून सावलीत वाळवा, कारण मेच्या उन्हात जाळी कडक होते आणि वेल्क्रोच्या कडा वळतात. पूर्ण वाळलं की कपाटात ठेवण्याआधी खालच्या दोन खिशांचे वरचे कोपरे आणि चारही लूप बोटांनी ताणून बघा. धागा सुटायला लागतो तो तिथूनच. सुटलेला दिसला तर पुढच्या कामाआधी मास्टरकडे.